आरोपीच्या बाजूला कोण उभा राहणार?

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त कोल्हापूर येथें भरलेल्या सभेंत एका वकिलानें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा पूज्य फादरांनीं मला केली, तेव्हां माझ्या मनांत प्रथम संकोच उत्पन्न झाला. मी धर्मपंडित नाहीं, इतिहासकारही नाहीं. माझें आयुष्य फौजदारी न्यायालयांत आरोपींचीं वकीलपत्रें घेण्यांत गेलें. आणि जुबिलीच्या आनंदांत चोरी, मारामारी व दारू यांच्या गोष्टी कोणाला हव्या असणार? परंतु फादर म्हणाले, "जें रोज करतां, तेंच सांगा." म्हणून याच चर्चच्या पायऱ्यांवर मला विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न आज मी करणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं रविवारची मिस्सा आटोपून मी बाहेर पडत होतों, तोंच एका वृद्ध भगिनीनें मला हांक मारली. आम्ही सर्व तिला मावशी म्हणतों. तिचा मुलगा पुणें-बंगळूर महामार्गावर रात्रीं घरीं येतांना एका मोटारीखालीं सांपडून गेला होता. मोटार हांकणारा दारू प्यालेला होता, असें लोक सांगत. त्याचें वकीलपत्र माझ्याकडे नव्हतें. परंतु गुळाच्या हंगामांत टेंपो चालविणाऱ्या एका गरीब मनुष्यावर मद्य पिऊन वाहन चालविल्याचा आरोप आला होता, व त्याचा खटला मीं घेतल्याचें मावशीच्या कानीं गेलें होतें. ती रागावली नाहीं. माझा हात धरून एवढेंच म्हणाली, "बाळा, तूं मिस्सेला येतोस, कम्युनियन घेतोस. असल्या माणसाच्या बाजूनें उभें राहतांना तुला कांहींच वाटत नाहीं काय रे?"

त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं. आज तें आपणां सर्वांसमक्ष मांडतों.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणें सांगितली पाहिजे. मद्य पिऊन वाहन हांकणें हा दुसऱ्याच्या जिवावर खेळलेला जुगार आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत पांचव्या आज्ञेचें विवरण करतांना, मद्याच्या धुंदीनें किंवा वेगाच्या हव्यासानें रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यांत घालणारा मनुष्य गंभीर दोषास पात्र होतो, अशी स्पष्ट शिकवण आहे. देशाचा कायदाही येथें कठोर आहे. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतांना वाहन चालविणें हा गुन्हा आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्यास सहा महिनेपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तोच गुन्हा पुन्हां केल्यास दोन वर्षेंपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कोणाचा प्राण गेला, तर १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें निष्काळजीपणाबद्दल पांच वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते. आणि आपल्या कृत्यानें मनुष्य मरेल हें जाणूनही तें केलें, असें सिद्ध झाल्यास दहा वर्षेंपर्यंत. या शिक्षा असाव्यात याविषयीं माझें दुमत नाहीं.

मग असल्या माणसाचा बचाव कशासाठीं? मावशीच्या प्रश्नांतील 'असल्या' या शब्दाशीं मी अडखळतों. तो 'असला' आहे, हें कोणीं ठरविलें? पोलिसांनीं? शेजाऱ्यांनीं? वर्तमानपत्रांनीं? योहानाच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूला दोषी ठरविण्यास उतावीळ झालेल्या पुढाऱ्यांना त्यांच्यांतलाच निकदेम विचारतो कीं, मनुष्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून आपलें नियमशास्त्र त्याला दोषी ठरवितें काय? त्यांनीं त्याची थट्टा केली, प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. तोच प्रश्न आजही प्रत्येक फौजदारी न्यायालयांत कोणीतरी विचारावा लागतो, आणि तो विचारणाऱ्यास आम्ही आरोपीचा वकील म्हणतों.

आपल्या पवित्र शास्त्रांत दानियेलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायांत सुसान्नेची कथा आहे. दोन प्रतिष्ठित वडील तिच्याविरुद्ध साक्ष देतात. ते स्वतः न्यायाधीश असल्यामुळें सारा समुदाय त्यांच्यावर विश्वास ठेवतो, व तिला देहान्ताकडे नेऊं लागतो. तेव्हां तरुण दानियेल पुढें होतो. तो त्या दोघांना वेगवेगळें उभें करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तूं तिला कोणत्या झाडाखालीं पाहिलेंस? एक एका झाडाचें नांव घेतो, दुसरा दुसऱ्या झाडाचें. तेवढ्यानें असत्य उघडें पडतें. आम्ही जिला उलटतपासणी म्हणतों, ती हीच. दानियेलानें सुसान्नेच्या चारित्र्यावर भाषण केलें नाहीं. त्यानें पुरावा तपासला.

आतां आपल्याच प्रांतांतील एक खटला सांगतों. २९ मे १९५१ रोजीं रात्रीं साडेनऊच्या सुमारास मुंबईंत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपगाडीचा धक्का लागून तीन माणसें जखमी झालीं. जीप चालविणारे पेसिकाका हे सरकारी अधिकारी होते. त्या वेळीं मुंबई राज्यांत दारूबंदी होती. डॉक्टरांनीं तपासलें, तेव्हां तोंडाला मद्याचा वास होता व डोळे लाल होते. परंतु त्यांचें बोलणें सुसंगत होतें, आणि सरळ रेषेवर त्यांना चालतां येत होतें. मद्यार्क असलेलें एक औषध आपण घेतलें होतें, असें त्यांचें म्हणणें. मॅजिस्ट्रेटनें त्यांना सोडलें. उच्च न्यायालयानें दारूबंदीच्या कलमाखालीं दोषी ठरवून एक महिन्याची सक्तमजुरी दिली. आणि १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. औषधांतील मद्यार्कावरची बंदी १९५१ सालींच रद्दबातल ठरली होती. वास औषधाचाही असूं शकतो. मग बेकायदा मद्यच घेतलें होतें हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, आरोपीनें आपलें निरपराधित्व सिद्ध करावयाचें नाहीं, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. पुढें १९७१ सालींही आपल्या महाराष्ट्रांतील एका मोटारचालकाच्या अपिलांत, नुसता वास, डळमळती चाल व विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून, रक्ताची तपासणी केल्यावांचून, मद्यपान सिद्ध होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें.

हे निर्णय ऐकून कोणी म्हणेल, वकिलांनीं दारुड्यांना पळवाट काढून दिली. तसें घडलें नाहीं. दारूबंदीच्या कायद्यांत पुढें दुरुस्ती झाली व रक्तांतील मद्यार्काचें प्रमाण मोजून त्यावर निर्णय करण्याची तरतूद आली. म्हणजे त्या सुटकेनें कायदा दुबळा झाला नाहीं, शहाणा झाला. वासावर विसंबणारा पोलीस मोजमाप करूं लागला, तो बचावाच्या वकिलानें विचारलेल्या प्रश्नांमुळेंच.

आज हें मोजमाप कसें होतें, तें थोडक्यांत सांगतों. कारण येथेंच न्याय होतो किंवा बिघडतो. नाक्यावर श्वासाची परीक्षा होते. तिचें यंत्र केंद्र सरकारनें मान्य केलेल्या प्रकारचें असावें लागतें. नुकतेंच खोकल्याचें औषध घेतलेलें असेल किंवा मद्यार्कयुक्त पाण्यानें चूळ भरलेली असेल, तर तोंडांतील मद्यार्कामुळें आंकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटें थांबल्यास तो दोष जातो. १८५ व्या कलमाखालीं अटक केलेल्या मनुष्याची दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टराकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्याला कोठडींतून सोडावें लागतें. रक्त काढतांना त्वचा पुसण्यास स्पिरिट वापरूं नये. बाटलींत रक्त कुजूं नये म्हणून योग्य द्रव्य घालावें. तिच्यावर मोहोर व क्रमांक असावा, आणि तोच क्रमांक रासायनिक तपासणीच्या अहवालावर असावा. यांतील प्रत्येक नियम आरोपीच्या सोयीसाठीं केला आहे, असें वरवर वाटतें.

माझ्या त्या टेंपोचालकाच्या खटल्यांत बाटलीवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक जुळत नव्हते. मीं तें न्यायालयाच्या निदर्शनास आणलें. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. तो प्याला होता कीं नव्हता, हें मी आपणांस सांगणार नाहीं. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट बोलून दाखविण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु एवढें सांगतों : ज्या बाटलीवरून त्याला शिक्षा व्हावयाची होती, ती दुसऱ्याच कोणाच्या रक्ताची असूं शकली असती.

मावशीला हाच प्रकार खुपला. "क्रमांक चुकला म्हणून माणूस सुटतो, हा कसला न्याय?" असें ती म्हणाली. याचें उत्तर पुढें पुण्यानें दिलें. १९ मे २०२४ च्या पहाटेपूर्वीं कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्याचें रक्त कित्येक तासांनीं घेतलें गेलें, आणि तें टाकून देऊन दुसऱ्याचें रक्त त्या जागीं ठेवल्याचा आरोप ठेवून सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांना व मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. आरोप सिद्ध होतील तेव्हां होतील. ज्या नियमानें मी त्या टेंपोचालकाला सोडविलें, तोच नियम तिकडे त्या आरोपींनाही लागू आहे. परंतु मोहोर, क्रमांक आणि वेळ यांचें महत्त्व आतां ध्यानांत आलें ना? बाटलीची राखण शिथिल असली म्हणजे गरीब निर्दोषी अडकतो, आणि श्रीमंत दोषी सुटूं शकतो. ती राखण कडक असावी यांत आरोपीचें जेवढें हित आहे, तेवढेंच मृताचेंही आहे.

याच खटल्यानें आणखी एक धडा दिला. त्या मुलाला त्याच दिवशीं जामीन मिळाला, व एका अटीनुसार त्याला तीनशें शब्दांचा निबंध लिहावयास सांगितलें. देशभर संताप उसळला, आणि तो संताप मला समजतो. मग त्या संतापाच्या भरांत त्याला निरीक्षणगृहांत पाठविण्यांत आलें. आणि २५ जून २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, जामीन कायम असतांना असें अडकवून ठेवणें बेकायदा आहे, म्हणून त्याच्या सुटकेचा हुकूम दिला. पहिल्या दिवशीं जी घाई झाली, तिच्यावर दुसरी घाई हा उपाय नव्हता.

उलटपक्षीं पुरावा नीट राखला तर काय होतें, हें कार्टर रोडच्या खटल्यांत दिसतें. १२ नोव्हेंबर २००६ रोजीं पहाटे मुंबईंत वांद्रें येथें फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तांत मर्यादेच्या जवळजवळ चौपट मद्यार्क निघाला. खालच्या न्यायालयानें सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयानें सदोष मनुष्यवधाचें कलम लावून ती तीन वर्षें केली. आणि १२ जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. आरोपीच्या वकिलांनीं प्रत्येक पायरीवर वाद घातला, न्यायालयांनीं तो पूर्ण ऐकला, आणि तरीही शिक्षा टिकली. जी शिक्षा असल्या परीक्षेंतून पार पडते, ती मृतांच्या नातलगांपासून मग कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

आतां माझ्या मनांतील खऱ्या दुःखाकडे वळतों. ही परीक्षा सर्वांच्या वांट्यास सारखी येत नाहीं. धनिकाजवळ वकिलांची फौज असते, गरिबाजवळ एक सल्ला असतो : "कबूल कर, दंड भर आणि घरीं जा." तो टेंपोचालकही बायकोची बोरमाळ गहाण टाकून दंडाचे पैसे घेऊन आला होता. कबुलीनंतर काय होतें, हें त्याला कोणींही सांगितलें नव्हतें. १८५ व्या कलमाखालीं दोषी ठरल्यावर न्यायालयाला त्याचा परवाना कमींत कमी सहा महिने बंद करावाच लागतो. ज्याच्या घरीं मोटारहांक्या नोकर आहे त्याला ती गैरसोय. ज्याचें पोटच चाकावर आहे त्याला ती उपासमार. गुन्हा केला असेल तर ती त्यानें सोसावी. परंतु न समजतां, केवळ वकील नाहीं म्हणून, ती ओढवून घेऊं नये.

राज्यघटनेच्या २२ व्या कलमानें अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. १९७८ सालीं महाराष्ट्रांतल्याच एका खटल्यांत, ज्याला ऐपत नाहीं अशा कैद्याला सरकारनें आपल्या खर्चानें वकील द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. सन १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडींत असलेले, यांना उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळतो. कोल्हापुरांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. कांहीं ठिकाणीं अमुक आरोपीचें वकीलपत्र कोणींही घेऊं नये, असे ठराव वकीलसंघ करीत. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असले ठराव निरर्थक ठरविले. आणि आपल्या कोल्हापुरापुरतें बोलावयाचें, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथेंच, भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयांत, बसूं लागलें आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना उच्च न्यायालयासाठीं आतां मुंबई गांठावी लागत नाहीं. दाद मागण्याचें दार जवळ आलें. तें ठोठावण्याचें बळ गरिबाला मिळालें पाहिजे.

मी माझ्या व्यवसायाची स्तुती करण्यास उभा नाहीं. बचावालाही मर्यादा आहेत. दिल्लींत १९९९ सालीं एका भारी मोटारीखालीं सहा माणसें मेलीं. त्या खटल्यांत साक्षीदाराला वश करण्याच्या प्रयत्नाबद्दल बचाव पक्षाच्या एका नामांकित वकिलाला २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अवमानाचा दोषी ठरविलें. पुरावा तपासणें हा माझा धर्म. पुरावा विकत घेणें हें पाप. आम्हां वकिलांचा आश्रयदाता संत ईव्हो हा तेराव्या शतकांत ब्रिटनीमध्यें गरिबांचे खटले फुकट चालवी. त्याचा सण १९ मे रोजीं येतो. पुण्याचा तो अपघातही १९ मे रोजींच झाला, हें मला विसरतां येत नाहीं.

हें सारें मीं एके दिवशीं मावशीला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग माझ्या मुलाचा वकील कोण होता?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नापुढें मी मान खालीं घातली. कायद्याच्या भाषेंत उत्तर आहे : सरकारी वकील. परंतु त्याला तिचें नांवही ठाऊक नव्हतें, आणि तारीख कधीं, हें तिला कोणीं कळविलें नव्हतें. कायदा आतां कांहींसा जागा झाला आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून, आरोपी सुटला तर, किंवा हलक्याच कलमाखालीं दोषी ठरला तर, पीडिताला स्वतः अपील करतां येतें. आणि २०२२ सालीं, वाहनांखालीं शेतकरी चिरडले गेले त्या लखीमपूर खीरीच्या प्रकरणांत, पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपलें म्हणणें मांडण्याचा अधिकार आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. पण अधिकार कागदावर असतो. त्याला न्यायालयापर्यंत चालत नेण्यास कोणीतरी सोबती लागतो. मावशीला तो मिळाला नाहीं. तिच्या खटल्याच्या दिवशीं मी त्याच इमारतींत, चार खोल्या पलीकडे, दुसऱ्या कामांत होतों.

म्हणून जुबिलीच्या निमित्तानें मी या धर्मग्रामापाशीं चार मागण्या करतों. पहिली : आपल्या लग्नांत, बारशांत, सणांत ज्याच्या हातीं आपण प्याला दिला, त्याच्या हातीं गाडीची किल्ली जाऊं देऊं नका. त्याला घरीं पोंचविणें हें यजमानाचें कर्तव्य समजा. दुसरी : आपल्यांतील कोणी अशा आरोपांत सांपडला, तर लांच देऊन सुटूं नये, आणि घाबरून न समजतां कबुलीही देऊं नये, वकील मागावा. खरोखर दोष असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन तो सरळ मान्य करावा, आणि ज्यांचें नुकसान झालें त्यांच्या दारीं जाऊन क्षमा मागावी. हा गुन्हा जामीनपात्र आहे. गरिबाला जामीनदार लागला, तर आपल्यांतून कोणी पुढें यावें. तिसरी : ज्यानें अपघात डोळ्यांनीं पाहिला, त्यानें साक्ष देण्यास मागें सरूं नये. चौथी : ज्या घरांतला मनुष्य रस्त्यावर गेला, त्या घरच्यांबरोबर प्रत्येक तारखेस आपल्यांतील दोघांनीं न्यायालयांत जाऊन बसावें. तेथें बोलावें लागत नाहीं. नुसतें बसावें लागतें.

चौथी मागणी मावशीची आहे. गेल्या वर्षीं अशाच एका अपघातांत नवरा गमावलेल्या तरुण स्त्रीबरोबर ती स्वतः कसबा बावड्याच्या न्यायालयांत जाऊन बसली. आणि त्या खटल्यांत आरोपीचें वकीलपत्र माझ्याकडे होतें. दुपारीं बाहेर पडतांना तिनें आपल्या डब्यांतली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. कांहीं बोलली नाहीं.

ती माझ्याशीं सहमत झाली, असें मी म्हणणार नाहीं. पण त्या खोलींत त्या दिवशीं दोन्ही बाजूंना कोणीतरी उभें होतें. आणि माझ्या मतें न्यायाचा आरंभ तेथून होतो.

 प्रभूची कृपा या धर्मग्रामावर सदैव राहो.